जुन्या धाटणीच्या आवाजासाठी सिंगल-कॉइल गिटार: स्ट्रॅट, टेली की पी-९०?

तिसरी_तार

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं हंबकरवाली (दोन कॉइलचे पिकअप असलेली) गिटार वाजवतोय. पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग. आवाज भरीव आहे, ओव्हरड्राइव्हला तर झकासच. पण हल्ली ऐकणं सगळं १९५५ ते १९६५ च्या दरम्यानचं चाललंय आणि तो आवाज डोक्यातून जात नाही. ‘शॅडोज’च्या हँक मार्विनची स्वच्छ, लांबवर पोचणारी धून, रॉक-अँड-रोलवाल्या बडी हॉलीची खणखणीत ऱ्हिदम, सोल संगीतातल्या स्टीव्ह क्रॉपरचे मोजके दोन-दोन सूर. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: पूर्ण कॉर्ड वाजली तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. माझ्या गिटारवर तीच कॉर्ड एकगठ्ठा येते. कॉइल-स्प्लिटचा (हंबकरची एक कॉइल बंद करणारा) स्विच आहे, तो ओढला की आवाज बारीक होतो, पण हवा तसा होत नाही.

एकच गिटार घेणार आहे आणि ती पुढे बरीच वर्षं ठेवायची आहे. वाजवणं निम्मं हेडफोनवर, निम्मं छोट्या ट्यूब अँपवर. फेंडर कंपनीची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) घ्यावी, टेली (टेलिकास्टर) घ्यावी की पी-९० (गिब्सन कंपनीचा सिंगल-कॉइल पिकअप) वाली एखादी? पिकअपच्या माहितीत किलो-ओहमचे आकडे असतात, त्यांवरून काही ठरवता येतं का? आणि नॉइजलेस (घूं-घूं न करणारे) पिकअप घेतले तर मूळ आवाज हातचा जातो का?

ट्विड_आणि_ट्यूब

टेली घ्या. १९५० साली एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर आल्या, १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव पडलं, आणि तेव्हापासून तिच्या रचनेत मुळातून बदलावं असं कुणाला फारसं काही सापडलेलं नाही. तुम्ही क्रॉपरचं नाव घेतलंत. तो आधी एस्क्वायर आणि मग टेली वाजवायचा. ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचा; मानेजवळचा तो नेक) लावा, टोन अर्ध्यावर आणा, तुमचे दोन-दोन सूर समोर उभे राहतील.

सोल्डरची_धार

स्प्लिट केल्यावर तो आवाज का येत नाही, तिथून सुरुवात करतो, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातच आहेत.

हंबकरमध्ये दोन कॉइल असतात, प्रत्येकीवर साधारण ५,००० वेढे. चुंबक खाली आडवा असतो आणि कॉइलच्या आत लोखंडी स्क्रू किंवा खुंट्या असतात. स्प्लिट केलं की यातली एक कॉइल बंद होते आणि उरलेली दुबळी पडते. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये एकच कॉइल, पण तिच्यावर ८,००० च्या आसपास वेढे, आणि आत लोखंड नाही; प्रत्येक तारेखाली ॲल्निकोची (एका चुंबकी मिश्रधातूची) उभी दांडी, म्हणजे चुंबक स्वतःच कॉइलच्या पोटात. ही रचनाच वेगळी आहे. शिवाय हंबकरच्या गिटारमध्ये पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रोध) सहसा ५०० किलो-ओहमचे असतात, स्ट्रॅट-टेलीत २५० चे. त्यामुळे स्प्लिट आवाज बारीक तर होतोच, वर कर्कशही लागतो.

तार वेगळी ऐकू येण्याचं आणखी एक कारण म्हणजे एक कॉइल तारेचा अरुंद तुकडाच ‘ऐकते’. दोन शेजारच्या कॉइल जास्त लांबीचा तुकडा ऐकतात आणि वरचे बारीक हार्मोनिक्स काही अंशी एकमेकांना खातात.

आता किलो-ओहम. हा आकडा म्हणजे तारेचा रोध, आवाज नव्हे. टेलीचा नेक पिकअप ४३ गेजच्या, म्हणजे जास्त बारीक तारेचा असतो. त्यामुळे त्याचा रोध ७ ते ८ किलो-ओहम भरतो आणि तरीही तो मऊ, शांत असतो. स्ट्रॅटचा पिकअप ४२ गेजचा, ६ च्या आसपास, आणि तो जास्त खणखणीत. तांब्याचा रोध तापमानाबरोबरही बदलतो, १० अंशांना सुमारे ४ टक्के. गार खोलीत ५.८ दाखवणारा पिकअप उकाड्यात ६ दाखवेल; पिकअप तोच, आवाज तोच. एकाच गेजच्या, एकाच बांधणीच्या दोन पिकअपची तुलना करायची असेल तर आकडा कामाचा, एरवी नाही.

बघायचा असेल तर इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) बघा. जुन्या धाटणीचा स्ट्रॅट पिकअप साधारण २.२ ते २.५ हेन्रीचा असतो. वेढे वाढवले की इंडक्टन्स वाढतो, आउटपुट वाढतं, आवाजाचं टोक (ज्या फ्रिक्वेन्सीवर पिकअप सर्वात जोरात बोलतो ती) खाली सरकतं आणि तुम्हाला हवी असलेली धार जाते. ‘हॉट’, ‘ओव्हरवाउंड’ असे शब्द दिसले की तुमच्या कामापुरतं पान उलटा. पिकअप कमी जोराचा असणं ही इथे उणीव नाही, तुम्हाला हवा असलेला आवाज त्यातूनच येतो.

बाराव्या_फ्रेटवर

वाचनखूण साठवली. सोल्डरची_धार, स्वस्त स्ट्रॅटमधल्या सिरॅमिक पिकअपबद्दलही लिहा ना. नवशिके तिथेच अडकतात.

सोल्डरची_धार

सिरॅमिक चुंबक वाईट असतो असं नाही. पण स्वस्त पिकअपची नेहमीची बांधणी अशी: कॉइलमध्ये साध्या लोखंडी दांड्या आणि खाली चिकटवलेली एक-दोन सिरॅमिक पट्टी. कॉइलच्या आत पुन्हा लोखंड आलं, म्हणजे इंडक्टन्स वाढला आणि उघडेपणा गेला. ओळखायला सोपं आहे. पिकअपचा खालच्या बाजूचा फोटो मागा. खाली आडवी पट्टी दिसली तर सिरॅमिक. फक्त सहा दांड्यांची गोल टोकं दिसली तर ॲल्निको.

ॲल्निकोतही प्रकार आहेत. ५ नंबरचा ताकदीचा आणि लख्ख, २ आणि ३ नंबरचे मवाळ. १९५४ च्या अगदी पहिल्या स्ट्रॅटमध्ये ३ नंबरचा होता, नंतर ५ रूढ झाला. मार्विन-हॉलीच्या आवाजासाठी ५ घ्या.

मधली_जागा

मी स्ट्रॅट वाजवते, त्यामुळे तिची बाजू मांडते.

पहिलं म्हणजे तीन पिकअप. तुम्ही नाव घेतलेल्या तिघांपैकी दोघांची ओळखच स्ट्रॅटशी जोडलेली आहे. मार्विनकडे १९५९ साली ती आली आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये लाल स्ट्रॅटचं वेडच लागलं. नेक पिकअप एकट्याने वाजवून बघा: गोल, घंटेसारखा, तरीही तळ न भरलेला. हंबकरच्या नेकवर हा आवाज नाहीच.

दुसरं, त्या मधल्या दोन जागा. मूळ स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता. वाजवणारे तो दोन खाचांच्या मध्ये अडकवून नेक-मधला किंवा मधला-ब्रिज अशी जोडी मिळवायचे. पाच जागांचा स्विच कारखान्यातून १९७७ पासून यायला लागला. या आवाजाला अनेक जण ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात, पण पिकअप फेजमध्येच असतात, समांतर जोडलेले. दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या ठिकाणचं ऐकतात, काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात आणि तो पोकळ, टपटपीत आवाज येतो. फंकची ऱ्हिदम वाजवायची तर यासारखी जागा नाही.

आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला, उलट्या ध्रुवांचा असतो, त्यामुळे या दोन्ही जागांवर हम (विजेची घूं-घूं) जातो. जुन्या मूळ गिटारमध्ये ही सोय नव्हती. काही रिइश्यू (जुन्या मॉडेलच्या नव्या प्रती) अगदी मुळाबरहुकूम बनवतात आणि तिन्ही पिकअप सारखेच ठेवतात. घेण्याआधी विचारून घ्या. निम्मं वाजवणं हेडफोनवर होणार असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

तिसरी गोष्ट, मूळ वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉबच नसतो. ब्रिज कानाला बोचतो ही तक्रार बरेचदा त्यातूनच येते. एक छोटी तार जोडून दुसरा टोन ब्रिजला देता येतो. माझ्या मते प्रत्येक स्ट्रॅटवर हे पहिल्या दिवशी करून घ्यावं.

ट्विड_आणि_ट्यूब

वायरिंगचा विषय निघालाच आहे तर टेलीबद्दलही एक सांगून ठेवतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९६७ पर्यंतच्या टेलीत दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची जागाच नव्हती! स्विचच्या एका टोकाला नेक पिकअप, पण कपॅसिटरमुळे एकदम गडद, जवळजवळ बेससारखा. मध्ये साधा नेक. दुसऱ्या टोकाला ब्रिज. आज जी ‘मधली जागा’ आपण टेलीचा खास आवाज मानतो ती नंतरची. कुणी कट्टर जुनं वायरिंग करून विकत असेल तर हे माहीत असू द्या. मी स्वतः आधुनिक वायरिंगच घेईन.

आणि ब्रिज पिकअपची जाडी कुठून येते तेही बघण्यासारखं आहे. त्याच्या खाली पोलादी पत्रा असतो आणि तो पिकअप ब्रिजच्या पोलादी पाटावरच बसवलेला असतो. त्यामुळे स्ट्रॅटच्या ब्रिजपेक्षा तो मांसल लागतो. स्ट्रॅटचा ब्रिज एकटा वाजवायला मी सहसा धजत नाही, टेलीच्या ब्रिजवर अख्खी संध्याकाळ काढतो.

कुत्र्याचे_कान

पी-९० ची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून लिहितो.

‘जुना आवाज’ म्हणजे फेंडरच, हा समज सोडायला हवा. पी-९० आला १९४६ साली, टेलीच्याही आधी. १९५२ ची सोनेरी लेस पॉल पी-९० घेऊनच आली. तिला हंबकर १९५७ मध्ये लागले. म्हणजे १९५२ पासूनची पहिली पाच वर्षं गिब्सनचा सॉलिड-बॉडी (भरीव लाकडाच्या गिटारचा) आवाज हा सिंगल-कॉइलचाच आवाज होता. लेस पॉल ज्युनियरवर तर एकच पी-९०, एक व्हॉल्यूम, एक टोन. बीटल्समधल्या तिघांकडे एपिफोन कसीनो होती, तीही पी-९० वाली.

रचना वेगळी आहे हे मान्य. रुंद, बसकी कॉइल, साधारण १०,००० वेढे, आत लोखंडी स्क्रू आणि खाली दोन चुंबकपट्ट्या. त्यामुळे मधले सूर पुढे येतात, आवाज खरखरीत आणि रागीट. पण व्हॉल्यूम ५-६ वर आणा, आणि तोच पिकअप स्वच्छ होऊन जातो. एका नॉबमध्ये दोन गिटार मिळतात, हे मला दुसऱ्या कुठल्याही पिकअपवर इतकं जाणवलेलं नाही.

घेताना एक बघा: ‘डॉगइअर’ प्रकारात पिकअपची उंची स्क्रूने बदलता येत नाही, खाली पट्टी घालावी लागते. ‘सोपबार’मध्ये बदलता येते.

तिसरी_तार

वा, अपेक्षेपेक्षा फारच भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. कुत्र्याचे_कान, पी-९० मला ऐकायला फार आवडतो, पण कॉर्डमधली तार न् तार वेगळी हवी ही माझी मुख्य मागणी. तिथे तो टिकतो का?

कुत्र्याचे_कान

हंबकरपेक्षा नक्की जास्त. स्ट्रॅटइतकी नाही. तुम्ही दिलेल्या नावांकडे बघता, प्रामाणिकपणे सांगतो, तुमची गिटार फेंडरच्या घरातलीच आहे.

बाराव्या_फ्रेटवर

जॅझमास्टरचा विचार केलात का? १९५८ ची. पिकअप दिसायला पी-९० सारखा पांढरा आणि रुंद, पण आत ॲल्निकोच्या दांड्या आणि चपटी पसरट कॉइल. मऊ, उबदार, तरी स्वच्छ. पॉट १ मेग-ओहमचे असल्यामुळे वरची चमक टिकते. सर्फ संगीतवाल्यांनी तिला उचलून धरलं ते उगाच नाही. फक्त ब्रिजवर तारांचा कोन कमी असतो, हलक्या तारा लावल्या तर खाचेतून उडतात. ११ च्या (पहिली तार ०.०११ इंच जाडीची असलेल्या संचाच्या) खाली जाऊ नका.

सोल्डरची_धार

आता हम आणि नॉइजलेस.

सिंगल-कॉइल ही मुळात तारेचं वेटोळं, म्हणजे आसपासच्या विजेचं चुंबकीय क्षेत्र पकडणारी अँटेनाच. ट्रान्सफॉर्मर, दिव्यांचे डिमर, काही मॉनिटर, सगळं ती उचलते. १९५५ मध्ये सेथ लव्हरने गिब्सनसाठी हंबकर घडवला तो नेमका यावर उपाय म्हणून.

दोन आवाज वेगळे ओळखायला शिका. ५० किंवा ६० हर्ट्झचा खोल घूं-घूं हा चुंबकीय हम. त्यावरचा तीक्ष्ण झर्र-झर्र हा विद्युत क्षेत्रातून येणारा बझ. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी लावून नीट अर्थिंग केलं की बझ बराच कमी होतो. हम त्याने जात नाही. असं शील्डिंग करूनही हम राहिला म्हणून बरेच जण हताश होतात. शील्डिंगचं ते कामच नाही.

हमसाठी घरगुती उपाय म्हणजे जागा बदलणं. बसल्या बसल्या अंग हळूहळू वळवा. एका कोनात हम जवळजवळ गायब होतो. रेकॉर्डिंगला तोच कोन धरायचा.

नॉइजलेस पिकअपमध्ये बहुतेकदा एकावर एक दोन कॉइल असतात. खालची मुख्यतः हम पकडते आणि तो वरच्या कॉइलमधल्या हमला मारते. अलीकडचे चांगले आहेत, स्टेजवर गेन वाढवून वाजवणाऱ्याने जरूर घ्यावेत. पण तारेवर पिक लागल्याच्या पहिल्या क्षणाची ती काच फुटल्यासारखी धार त्यांत किंचित गोल होते असं माझ्या कानाचं मत आहे. तुमचं वाजवणं स्वच्छ आवाजातलं. गेन कमी म्हणजे हमही कमी. तुम्ही खरे सिंगल-कॉइलच घ्या.

मधली_जागा

या शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन.

ट्विड_आणि_ट्यूब

माझंही. आणि दुकानात गिटार ऐकताना काय करायचं तेही लिहितो, कारण तिथे लोक अँपवर ड्राइव्ह चढवून दहा मिनिटं सोलो वाजवतात आणि ड्राइव्हखाली सगळ्या गिटार सारख्या वाटतात.

आधी अँपला न जोडता वाजवा. ओपन ई मेजर एकदाच, जोरात, आणि थांबा. सूर किती वेळ टिकतो, मान हाताखाली थरथरते का, एखादी तार लगेच मरते का. न जोडता निर्जीव वाटणारी गिटार पिकअप बदलून जिवंत झालेली मी पाहिलेली नाही.

मग अँप स्वच्छ ठेवा, ट्रेबल-बेस मध्यावर, रिव्हर्बसुद्धा बंद. एक चार सुरांची कॉर्ड वरच्या चार तारांवर धरा आणि तारा एकेक करून सोडा. मग सगळ्या एकदम. दोन्ही वेळा तेच चार सूर मोजता आले पाहिजेत. त्यानंतर व्हॉल्यूम १० वरून ७ वर, मग ४ वर. आवाज कमी व्हावा, पण त्यावर घोंगडी टाकल्यासारखा बुजू नये. टोनचा नॉब पूर्ण फेरीत काही करतो की शेवटच्या टोकालाच एकदम बंद होतो, तेही बघा.

शेवटी १५ व्या फ्रेटच्या पुढे पहिल्या तारेवर पूर्ण बेंड (तार ओढून सूर चढवणं) घ्या. जुन्या मापाच्या फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच असते. कॉर्डला ती हाताला फार सुखाची, पण तारा खाली बसवल्या की वरचा बेंड मध्येच गुदमरतो. ९.५ इंचाच्या गोलाईला हा त्रास बराच कमी. आवाजात यामुळे काही फरक पडत नाही, तेव्हा इथे मुळाबरहुकूमचा हट्ट धरू नका.

सोल्डरची_धार

हेडफोनवाल्या भागासाठी एक भर. केबल हा आवाजाचा घटक आहे. केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. सहा मीटरच्या केबलने जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपचं टोक ४ किलोहर्ट्झच्या आसपास बसतं. दीड-दोन मीटरच्या केबलने इंटरफेसला (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) जोडलं तर तेच ६ च्या जवळ जातं आणि आवाज बोचरा लागतो. मग माणूस पिकअपला दोष देतो. त्या काळात लोक लांब, गुंडाळीच्या केबल वापरायचे, त्यांची कपॅसिटन्स आणखी जास्त. हेडफोनसाठी गिटार आणि इंटरफेस यांच्या मध्ये लांब केबल ठेवा, आणि तिच्याआधी बफर असलेला पेडल लावू नका, नाहीतर केबलचा परिणामच पुसला जातो.

मार्विनचा आवाज हवा असेल तर एको लागेलच. तिथे गिटारइतकंच एको मशीन आणि व्हॉक्सचा अँप बोलतो.

तिसरी_तार

मंडळी, सांगितल्याप्रमाणे सगळं करून बघितलं. टेली हातात फार आवडली, ब्रिजबद्दल ट्विड_आणि_ट्यूब म्हणतात ते शब्दशः खरं आहे. पण स्ट्रॅटच्या नेक पिकअपवर वरच्या चार तारांची कॉर्ड सोडली आणि चारही सूर सुटे ऐकू आले, तिथे निर्णय झाला. ॲल्निको ५, मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा, ९.५ ची गोलाई, नॉइजलेस नाही. घेतली.

दोन अडचणी आहेत. सहावी तार बाराव्या फ्रेटच्या वर दाबली की सूर डुलतो, ट्यूनर एका जागी थांबतच नाही. आणि तिसरी तार बाकीच्यांपेक्षा मोठ्याने वाजते.

मधली_जागा

अभिनंदन! पहिली अडचण पिकअप फार वर असल्याची. ॲल्निकोच्या दांड्या तारेला ओढतात, तार नीट हलू शकत नाही आणि एकाच तारेतून दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात. नेकवर हे सगळ्यात जास्त होतं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून दांडीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. सहाव्या तारेकडे २.४ मिलिमीटर, पहिलीकडे २ मिलिमीटर इथून सुरू करा. डुलणं थांबलं नाही तर नेक अजून खाली न्या. आवाज थोडा कमी होईल, पण जास्त मोकळा होईल. कमी पडलेला जोर अँपवर वाढवून घ्या.

सोल्डरची_धार

तिसऱ्या तारेचं कारण दांड्यांच्या उंचीत आहे. जुन्या रचनेत दांड्या वरखाली असतात, आणि तिसरीची बरीच वर. त्या काळात तिसरी तार गुंडाळलेली असायची, तिचा आवाज कमी पडायचा म्हणून तिला वर आणलेली. आज आपण साधी, न गुंडाळलेली तिसरी लावतो, ती आपोआपच जोरात बोलते.

दांडी ठोकून खाली ढकलायला जाऊ नका. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये कॉइलची बारीक तार थेट दांड्यांवर गुंडाळलेली असते, दांडी हलली की ती तुटते आणि पिकअप मुका होतो. आधी पिकअप दोन्ही बाजूंनी थोडा खाली नेऊन बघा, फरक आपोआप कमी होतो. तरी खुपलं तर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा ११ चा संच लावा. बेंड जड जातील, पण मार्विनच्या धुनींना बेंड कमी आणि ट्रेमोलोचा दांडा (ब्रिज हलवून सूर डुलवणारा) जास्त लागतो. शुद्ध निकेलच्या वेष्टनाचा संच मिळाला तर तोच घ्या. पोलादी गाभ्यावर निकेलचं वेष्टन असलेल्या त्या तारा थोड्या मऊ बोलतात. संच बदलल्यावर मागच्या स्प्रिंगचा ताण आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) दोन्ही पुन्हा जुळवायला लागेल.

तिसरी_तार

नेक पिकअप खाली नेला, डुलणं थांबलं. तारांचा संच मागवलाय. ट्रेमोलोच्या स्प्रिंग सध्या तीन आहेत. ११ ला चौथी लावावी की आहेत त्याच घट्ट कराव्यात?

मधली_जागा

आधी आहेत त्याच घट्ट करून बघा. मागच्या पट्टीचे दोन स्क्रू सारखे फिरवत, दर वेळी पुन्हा ट्यून करत जा. ब्रिज मागून दोन-तीन मिलिमीटर उचललेला राहिला की झालं. स्क्रू शेवटाला गेले आणि तरी ब्रिज पुढे झुकलेलाच असेल, तरच चौथी लावा. तीन स्प्रिंगवर दांडा हाताखाली जास्त हलका चालतो, आणि त्या धुनींत दांडा सतत हातात असतो.